बासष्ट वेढे

सातपूरच्या गाळ्यात मी मोटरी भरतो,
म्हणजे जळकं तांबं उपसून नवं भरतो.
एका कॉइलला बासष्ट वेढे.
मोजायचं यंत्र तीन वर्षांपूर्वी बंद पडलं,
दुरुस्त करायचं राहिलं,
जसं बरंच काही राहतं.

चाळिशीच्या आसपास
बाहेर एक रिक्षा सुरू होता होता बंद पडते.
मनात येतं, हिचा प्लग गेला.
प्लगवरून घरचा मिक्सर,
मिक्सरवरून मेहुणीचं लग्न,
आणि तार आपली फिरतेच आहे हातात.
किती झाले? एकेचाळीस? त्रेपन्न?
उलगडा. पुन्हा एकपासून.

शाळेत मला भिंगरी म्हणायचे.
वडील म्हणायचे, याच्या बुडाला भोवरा बांधलाय.
बायको आता काहीच म्हणत नाही,
फक्त विजेचं बिल स्वतः भरते.

कॉलेज रोडला, चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
सानप मॅडम बसतात.
पहिल्यांदा मी चुकीच्या वारी गेलो,
दुसऱ्यांदा बरोबर वारी, चाळीस मिनिटं उशिरा.
त्या रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, हेही लिहून घेऊ.
मला वाटलं, तक्रारवहीत.

त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं
की याला एक नाव आहे, इंग्रजी, चार अक्षरी.
इतके दिवस मी दुसरंच लावत होतो,
मराठी, तीन अक्षरी.
आळशी.

मॅडमनी कागदावर उभी रेघ मारली.
डावीकडे मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं.
उजवीकडे पुरावा.
मी लिहिलं: माझ्या हातून एक काम धड होत नाही.
उजवीकडे पेन बराच वेळ अधांतरी.
मग आठवलं,
पुराच्या साली गोदाकाठच्या दुकानांतल्या
एकोणीस मोटरी आल्या होत्या चिखलासकट.
वाळवल्या, भरल्या, दिल्या.
एकही परत आली नाही.
लिहिलं, तर अक्षर वाकडं आलं.
मॅडम म्हणाल्या,
वाक्य आलं म्हणजे निकाल लागला असं नाही,
उलटतपासणी व्हायची असते.

आता खिशात एक पुठ्ठा असतो.
प्लग, मिक्सर, मेहुणी,
जो येईल त्याला त्यावर बसवतो,
म्हणतो, साडेपाचला बघू तुझं.
साडेपाचला पुठ्ठा काढला
तर निम्म्यांना मी ओळखतही नाही.

दर पंधरा मिनिटांनी मोबाइल वाजतो.
शेजारचा लेथवाला सोनजे विचारतो,
दूध ठेवलंय का गॅसवर?

'यंत्र दुरुस्त करणे' असं लिहून नेलं होतं.
मॅडम म्हणाल्या, हे काम नाही, हा डोंगर.
पहिली पायरी लिहा.
लिहिलं: यंत्र माळ्यावरून खाली काढणे.
आठवडाभरात तेवढंच झालं.
खाली आहे.
त्यावर डबा ठेवतो.

आणि दर दहाव्या वेढ्याला
सुती दोऱ्याची एक गाठ.
बस, एवढंच.
पंचवीस वर्षांत हे सुचलं नसेल असं नाही,
सुचलं असेल,
टिकलं नसेल.

सगळं सुटलंय असंही नाही.
परवा दोऱ्याचं रीळच हरवलं.
डब्यात सापडलं, पोळीखाली.

आज पेठ रोडच्या पारूबाई गांगुर्डेंच्या
गिरणीची मोटर आहे.
बाईंचे दोन फोन येऊन गेले,
बायका बाजरी घेऊन परत जाताहेत.
तिशीच्या पुढे कुठेतरी
गाळ्याच्या दारातून कुणी हाक मारली
आणि आकडा गेला.
ओठावर शिवी आली, स्वतःलाच,
जुनी, वडिलांच्या आवाजातली.
ती पुठ्ठ्यावर लिहिली.
तिसऱ्या गाठीपर्यंत उलगडलं.
तीस तर होतेच.

एकतीस.